मुलाखतीतील दृष्टी आणि बैठक : एका गैरसमजाचा इतिहास

१

निवड-समितीच्या सदस्यांपुढे मुलाखतीच्या वेळी गुणांचा जो तक्ता ठेवलेला असतो, त्यात विषयज्ञान, मांडणी, संशोधनाची दिशा या रकान्यांच्या जोडीला ‘व्यक्तिमत्त्व व आत्मविश्वास’ असा एक रकाना बहुधा असतोच. हा रकाना भरताना परीक्षक नेमके काय पाहतो, हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर उमेदवार कसा बसला होता, त्याचे खांदे ताठ होते की झुकलेले, उत्तर देताना त्याने नजरेला नजर दिली की चुकविली, अशा गोष्टी तो सांगतो आणि या सर्वांना मिळून ‘देहबोली’ असे नाव देतो. २०२० सालच्या महासाथीनंतर मुलाखती व्हिडिओ कॉलवर होऊ लागल्या. साथ ओसरली तरी ही पद्धत पुष्कळ ठिकाणी कायम राहिली. तक्ता मात्र बदलला नाही. समोरासमोर बसलेल्या माणसासाठी आखलेला रकाना पडद्यावरील माणसासाठी जसाच्या तसा वापरला जात आहे.

प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळावयास एक प्रसंग कारण झाला. २०२१ साली संशोधन-प्रवेशाच्या एका मुलाखतीत एका विद्यार्थ्याची मान सारा वेळ वाकलेली आणि नजर एका कडेला लागलेली दिसत होती. प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबूनच तो उत्तराला आरंभ करी. उत्तरे बरी होती. तथापि लेखकाने संबंधित रकान्यात कमी गुण देऊन ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा शेरा लिहिला. इतर सदस्यांच्या गुणांमुळे त्याला प्रवेश मिळाला. पुढे एकदा गप्पांच्या ओघात त्या मुलाखतीचा विषय निघाला. घरात दाराजवळच्या एका कोपऱ्यातच नेटवर्क येत असे. तेथे मांडी घालून बसून, समोरच्या पाटावर तांब्याला टेकवून त्याने मोबाईल आडवा उभा केला होता. आडव्या मोबाईलचा कॅमेरा डाव्या कडेला येतो. “सर, मी सगळा वेळ तुमच्याकडेच बघत होतो,” असे तो सहजपणे म्हणाला. ज्याने एकदाही नजर काढली नाही, त्याच्याविषयी नजर चुकविल्याची नोंद लेखकाने स्वहस्ते केली होती.

ही चूक एका व्यक्तीची असती तर तिचा येथे उल्लेख करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तिच्या मुळाशी दोन समजुती आहेत आणि दोहोंनाही इतिहास आहे. पहिली अशी, की अंगविक्षेप, दृष्टी आणि बैठक ही एक भाषा असून तिचा कोश तयार आहे. जाणत्याने तो उघडून माणूस वाचावा. दुसरी अशी, की पडद्यावर जो माणूस दिसतो तो खोलीतल्या माणसाचीच प्रतिमा होय. या दोन्ही समजुती कशा निर्माण झाल्या आणि ज्या संशोधनाच्या आधारावर त्या उभ्या असल्याचे मानले जाते ते संशोधन प्रत्यक्षात काय सांगते, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

२

शब्दावाचून अर्थ कळतो ही गोष्ट आपल्या व्याकरणपरंपरेला नवी नाही. डोळ्यांच्या खुणांनी आणि हातांच्या हालचालींनी शब्दप्रयोगाविनाही पुष्कळ अर्थ समजतात, अशी नोंद पतंजलीने महाभाष्यात केलेली आहे. मात्र ज्याने शब्दाचे इतके सूक्ष्म विवेचन केले, त्याने या खुणांना शब्दांच्या पंक्तीत बसविले नाही. अर्थ कळणे ही एक गोष्ट आणि भाषा असणे ही दुसरी, हा विवेक त्याच्या नोंदीत अनुस्यूत आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात चित्र वेगळे दिसते. तेथे आंगिक अभिनयाचे सविस्तर वर्गीकरण असून केवळ दृष्टीचेच ३६ प्रकार दिलेले आहेत. हा खराखुरा कोश आहे. परंतु तो कोणासाठी, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. रंगभूमीवरील नट त्या संकेतांत शिकून तयार झालेला असतो, प्रेक्षकालाही ते परिचित असतात, आणि ‘हे दाखविले जात आहे’ असा करार दोघांत अगोदरच झालेला असतो. संकेत ठरलेला असल्यामुळेच दृष्टीचा अर्थ निश्चित होतो. नोकरीच्या मुलाखतीस आलेल्या तरुणाशी परीक्षकाने असा कोणता करार केलेला असतो? मुलाखतीत यशस्वी कसे व्हावे हे शिकविणारी जी पुस्तके बाजारात मिळतात, ती नाट्यशास्त्राची रीत रंगभूमीचा करार वगळून व्यवहारात आणू पाहतात.

हा करार व्यवहारात नसतो याची साक्ष खुद्द आपली भाषा देते. मराठीत ‘नजरेला नजर देणे’ हे निर्भयतेचे आणि ‘नजर चोरणे’ हे अपराधाचे लक्षण मानले आहे. परंतु त्याच मराठीत थोरांपुढे ‘वर तोंड करून बोलणे’ हा उद्धटपणा ठरतो आणि ‘खाली मान घालून वागणे’ हे सुशीलतेचे चिन्ह समजले जाते. ‘ताठ मानेने जगणे’ ही प्रशंसा, तर ‘ताठा’ हा दोष. एकच मान, एकच दृष्टी. अर्थ मात्र समोर कोण आहे, प्रसंग कोणता आहे आणि बोलणाऱ्याचे स्थान काय आहे यांवर अवलंबून. ज्या घरात वडीलधाऱ्यांपुढे डोळे खाली ठेवावयास शिकविले, त्या घरातील मुलगा वा मुलगी परीक्षकापुढे येते तेव्हा आपल्या संस्कारांप्रमाणे आदर दाखविते आणि परीक्षक आपल्या पुस्तकाप्रमाणे तिची भीती वाचतो.

३

पाश्चात्य देशांत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तोच मुळी असा सरसकट अर्थ लावण्याच्या विरोधात. हावभाव हे वंशाचे जन्मजात लक्षण आहे, असे मत १९३० नंतरच्या दशकात युरोपात प्रबळ झाले होते. कोलंबिया विद्यापीठात फ्रांझ बोआस यांच्या मार्गदर्शनाखाली डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधील इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यू स्थलांतरितांचे हावभाव तपासले. पहिल्या पिढीत दोन्ही समाजांच्या हातवाऱ्यांत स्पष्ट फरक आढळला. अमेरिकन जीवनात मिसळलेल्या त्यांच्या वंशजांत तो जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की हावभाव रक्ताने येत नाहीत, परिसराने घडतात.

यानंतर रे बर्डव्हिसल यांचे नाव येते. १९५२ साली वॉशिंग्टन येथील परराष्ट्रसेवा संस्थेने त्यांचा ‘कायनेसिक्स’ या नव्या शास्त्राचा परिचयग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी वर्णनात्मक भाषाविज्ञान अमेरिकेत भरात होते. स्वनिम आणि रूपिम यांच्या साह्याने कोणत्याही भाषेची रचना उलगडता येते, हा आत्मविश्वास तेव्हा सर्वत्र होता. बर्डव्हिसल यांनी तीच पद्धत शरीराच्या हालचालींना लावली. स्वनाच्या धर्तीवर ‘काइन’, स्वनिमाच्या धर्तीवर ‘काइनीम’ अशी एककांची उतरंड त्यांनी कल्पिली. शरीराच्या हालचालींनाही भाषेसारखे व्याकरण असेल, ही अपेक्षा येथे प्रथम शास्त्रीय परिभाषेत मांडली गेली.

या अपेक्षेची कसोटी लागली ती एका मुलाखतीवरच. १९५५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील वर्तनविज्ञानांच्या प्रगत अध्ययन केंद्रात फ्रीडा फ्रॉम-राइखमान व हेन्री ब्रोझिन हे मनोरोगतज्ज्ञ आणि नॉर्मन मॅक्वाउन व चार्ल्स हॉकेट हे भाषावैज्ञानिक एकत्र आले. पुढल्या वर्षी मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि बर्डव्हिसल त्यांना येऊन मिळाले. बेटसन यांनी एका स्त्रीशी केलेल्या संभाषणाची फिल्म त्यांनी अभ्यासासाठी निवडली. अभ्यासात त्या स्त्रीला ‘डोरिस’ हे बदललेले नाव देण्यात आले. शब्द, स्वर, श्वास, हालचाल यांचे क्षणाक्षणाचे लेखन सुरू झाले. सिगारेट पेटविण्याच्या काही सेकंदांच्या एका दृश्याचे बर्डव्हिसल यांनी केलेले विश्लेषण पुढे प्रसिद्धीस आले. ‘मुलाखतीचा निसर्गेतिहास’ असे नाव मिळालेला हा प्रकल्प वर्षानुवर्षे चालला. शेवटी ग्रंथरूपाने तो प्रकाशित झालाच नाही. १९७१ साली त्याची हस्तलिखिते शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या रूपाने ठेवण्यात आली.

या प्रकल्पास केवळ अपयश म्हणता येणार नाही. हालचालींचा कोश त्यातून निघाला नाही हे खरे. स्वनिमांसारखी मोजकी, सुटी, सर्वत्र सारखी एकके शरीराच्या हालचालींत सापडली नाहीत. परंतु ते शोधताना अभ्यासकांना एक अधिक मोलाची गोष्ट सापडली. एका व्यक्तीची हालचाल तिच्यापुरती पाहिली तर तिचा अर्थ लागत नाही; समोरच्याच्या हालचालीशी ती जोडून पाहिली म्हणजे लागतो. त्याच परंपरेतील आल्बर्ट शेफ्लेन यांनी १९६४ साली आसनस्थितीवर जो निबंध लिहिला, त्यात हे तत्त्व स्पष्ट झाले. एकत्र बोलणारी माणसे पुष्कळदा एकमेकांसारखी किंवा आरशातल्याप्रमाणे बसतात. विषय पालटला की बैठक पालटते. म्हणजे बैठक ही संभाषणातील परिच्छेदाच्या खुणेसारखी आहे. एकट्या माणसाच्या स्वभावाचा तिच्यातून उलगडा करावयाचा म्हणजे दुसऱ्याचे वाक्य झाकून पहिल्याच्या विरामचिन्हांवरून आशय ओळखावयास बसणे होय.

४

दृष्टीच्या बाबतीत हेच घडले. मायकेल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ साली असे दाखविले, की दोन माणसांतील अंतर कमी झाले म्हणजे ती एकमेकांकडे कमी पाहतात. जवळीक ठरावीक मर्यादेत राहावी म्हणून दृष्टी आणि अंतर एकमेकांना तोलून धरतात. अॅडम केंडन यांनी ऑक्सफर्ड येथे दोघादोघांच्या संभाषणांच्या फिल्म तपासून १९६७ साली निष्कर्ष मांडले. बोलणारा दीर्घ उत्तराला आरंभ करताना नजर दूर नेतो आणि बोलणे संपत आले की ती श्रोत्याकडे वळवितो. जणू ‘आता तुमची पाळी’ असे सुचवितो. मुलाखतीच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. उत्तराच्या प्रारंभी नजर दूर जाणे हा संभाषणाचा सामान्य नियम ठरतो. पुढे १९९८ साली ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखविले, की अवघड प्रश्नावर नजर दूर नेल्याने आठवण्यास मदत होते. म्हणजे परीक्षक ज्या क्षणी ‘नजर चुकविली’ असे टिपून ठेवतो, त्या क्षणी उमेदवार बहुधा विचार करीत असतो.

असे असता ‘देहबोलीचा कोश’ ही कल्पना लोकांत इतकी रुजली कशी? तिच्या प्रसारास दोन गोष्टी कारण झाल्या. ज्युलियस फास्ट यांचे ‘बॉडी लँग्वेज’ हे लोकप्रिय पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. आपला ‘देहबोली’ हा शब्द त्याचाच पडसाद होय. शास्त्रज्ञांनी प्रयत्न करून सोडून दिलेले गृहीतक अशा रीतीने नावात मात्र कायमचे शिल्लक राहिले. दुसरी गोष्ट म्हणजे ७, ३८ आणि ५५ हे तीन आकडे. संवादातील अर्थाचा ७ टक्के भाग शब्दांत, ३८ टक्के स्वरात आणि ५५ टक्के शरीरात असतो, हे विधान व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांत आजही ठामपणे सांगितले जाते. त्याचा उगम आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांत आहे. त्यांपैकी एकात ‘मेबी’ हा एकच इंग्रजी शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखविली होती आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही एवढेच श्रोत्यांनी ओळखावयाचे होते. शब्द, स्वर आणि चेहरा यांत विसंगती असता आवड-नावड कशावरून ठरविली जाते, इतकाच तो प्रश्न होता. त्यावरून प्रबंधाच्या विषयावर तीस मिनिटे बोलणाऱ्या उमेदवाराच्या ज्ञानाचे ५५ टक्के मोजमाप त्याच्या शरीरावरून करावे, असा अर्थ काढणे हे संख्येचे नव्हे, वाचनाचे अपयश आहे.

५

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. चित्रासहित दूरभाष ही कल्पना वाटते तितकी अर्वाचीन नाही. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेचे तत्कालीन वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांचे वॉशिंग्टनमध्ये बोलतानाचे चित्र न्यूयॉर्क येथे दाखविण्यात आले. आवाज दोन्ही बाजूंनी, चित्र एकाच बाजूने, अशी ती योजना होती. १९३६ साली जर्मन टपालखात्याने बर्लिन आणि लाइपझिग यांच्या दरम्यान सार्वजनिक चित्रदूरभाष सुरू केला. अमेरिकेतील बेल कंपनीने आपला ‘पिक्चरफोन’ १९६४ सालच्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व शिकागो येथे त्याची सार्वजनिक केंद्रे उघडली. पहिल्या तीन मिनिटांना अंतराप्रमाणे १६ ते २७ डॉलर पडत. १९७० साली पिट्सबर्ग येथे कार्यालयांसाठी ही सेवा दरमहा १६० डॉलर दराने सुरू झाली. पण ग्राहक मिळाले नाहीत आणि काही वर्षांतच ती गुंडाळावी लागली. किंमत हे तिच्या अपयशाचे उघड कारण होते. परंतु याच सुमारास मानसशास्त्रज्ञांच्या ध्यानात आणखी एक अडचण येऊ लागली होती. आन्स्टिस, मेह्यू आणि मॉर्ली यांनी १९६९ साली, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणारा माणूस कोठे पाहत आहे हे प्रेक्षक कसे ठरवितात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावरील माणसाची दृष्टी खोलीतल्या माणसाच्या दृष्टीप्रमाणे थेट वाचता येत नाही, याची जाणीव अशा रीतीने पन्नासांहून अधिक वर्षे जुनी आहे.

अडचणीचे मूळ भूमितीत आहे. खोलीत समोरासमोर बसलेल्या दोघांना पाहण्यासाठी आणि दिसण्यासाठी एकच जागा असते, ती म्हणजे डोळे. व्हिडिओ कॉलमध्ये या दोन जागा वेगळ्या होतात : आपण पाहतो पडद्यावरील चित्राकडे, दिसतो मात्र कॅमेऱ्यातून. उमेदवार पडद्यापासून ५० सेंटिमीटरवर बसला असेल आणि परीक्षकाच्या चित्रातील डोळे कॅमेऱ्याच्या १० सेंटिमीटर खाली असतील, तर दोहोंतील कोन सुमारे ११ अंशांचा होतो. मिल्टन चेन यांनी २००२ साली प्रयोगांती असे दाखविले, की खाली वळलेली दृष्टी काही मर्यादेपर्यंत आपण समोरून आलेलीच मानतो. डावीकडे, उजवीकडे किंवा वर वळलेली मात्र लगेच खटकते. कॅमेरा पडद्याच्या वर असेल तर दोष काहीसा झाकला जातो. बाजूला असेल तर उघडा पडतो. टेबलावर लॅपटॉप असलेला उमेदवार आणि आडवा मोबाईल तांब्याला टेकविलेला उमेदवार यांच्यात हा फरक पडतो. त्याला आत्मविश्वासाचा फरक समजणे म्हणजे घरच्या परिस्थितीला गुण देणे होय.

यातून एक विलक्षण परिणाम संभवतो. जो उमेदवार खरोखर परीक्षकाकडे पाहतो, तो त्याच्याकडे पाहत नसल्यासारखा दिसतो. आणि जो परीक्षकाला सोडून कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहतो, तो नजरेला नजर देत असल्यासारखा दिसतो. ‘मग उमेदवारांनी कॅमेऱ्याकडे पाहण्यास शिकावे’ असे कोणी म्हणेल, आणि व्यवहारापुरता हा सल्ला चुकीचा नाही. परंतु त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. काचेकडे पाहणाऱ्याला श्रोत्याचा चेहरा नीट दिसत नाही. आपले म्हणणे समजले की नाही, पुढचा प्रश्न येत आहे की नाही, हे त्याला कळत नाही. केंडन यांनी वर्णिलेली पाळी देण्या-घेण्याची सारी व्यवस्था तो गमावतो. म्हणजे श्रोत्याकडे लक्ष देणे सोडल्याबद्दल आपण त्याला लक्षपूर्वक पाहण्याचे गुण देतो.

काळाचीही अशीच गोष्ट आहे. स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतील संभाषणांचा तुलनात्मक अभ्यास केला. प्रश्न आणि उत्तर यांतील अंतर भाषेगणिक थोडे बदलत असले तरी सरासरीने ते सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास राहते, असे त्यांना आढळले. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका बाजूचा विलंब सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाच्या, म्हणजे १५० सहस्रांशांच्या, आत असावा. तो दोन्ही बाजूंनी मोजला म्हणजे स्वाभाविक अंतराहूनही मोठा होतो. दुर्बळ नेटवर्कवर तो कितीतरी वाढतो. शोएननबर्ग, राके आणि कोएप्पे यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे फार बोलका आहे : विलंब यंत्राचा असतो, पण ऐकणारा तो समोरच्या माणसाच्या स्वभावाला चिकटवितो, माणूस बेलक्ष किंवा मंद वाटू लागतो. प्रारंभी सांगितलेल्या विद्यार्थ्याचे ‘क्षणभर थांबणे’ कोठून आले असावे, हे येथे निराळे सांगावयास नको.

बैठकीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कॅमेऱ्याच्या चौकटीत राहावयाचे म्हणून माणूस एकाच जागी जखडला जातो. शेफ्लेन यांनी वर्णिलेले बैठकीचे पालट त्याला करता येत नाहीत आणि त्याचे हात, पाय व कंबर तर दिसतच नाहीत. उलट चेहरा इतका मोठा दिसतो, की एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली केलेल्या वर्गीकरणानुसार तो सामाजिक अंतराच्या आत, जवळच्या आप्तांच्या अंतरावर आल्याचा भास होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत अतिसमीप दृष्टी, स्वतःचेच चित्र सतत दिसणे आणि हालचालीवरील बंधन यांचा समावेश आहे. चौथे कारण खुणा देण्या-घेण्यासाठी मनावर पडणारा जादा भार हे आहे. आर्गाइल आणि डीन यांचे तत्त्व लावले तर अशा समीपतेत माणसाने नजर थोडी बाजूस नेणे हेच स्वाभाविक ठरते.

६

हा प्रश्न केवळ प्रवेश आणि नोकरी यांपुरता मर्यादित नाही. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी न्यायाधीशाने शेरा नोंदवावा अशी तरतूद आहे. १८९८ आणि १९७३ सालच्या फौजदारी संहितांतही ती होती. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल ब. देसाई या प्रकरणात, परदेशातील साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे घेण्यास मान्यता दिली. कायद्यातील ‘उपस्थिती’ या शब्दाचा अर्थ विस्तारणारा हा निर्णय न्यायदानाच्या सोयीच्या दृष्टीने दूरदर्शी होता. परंतु साक्षीदाराचा आविर्भाव पडद्यावर तितकाच, किंबहुना चित्रण पुन्हा पाहता येत असल्याने अधिक चांगला निरखता येईल, असेही त्यात म्हटले आहे. दृष्टी आणि विलंब यांविषयी वर जे सांगितले, ते पाहता या अपेक्षेचा फेरविचार होणे इष्ट वाटते. फिल्म कितीही वेळा फिरविली तरी कॅमेऱ्याचा कोन बदलत नाही.

आविर्भावावरून सत्य ओळखण्याच्या आपल्या क्षमतेविषयीही नम्र राहणे बरे. बाँड आणि डिपॉलो यांनी २००६ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून दाखविले, की खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरीने १०० पैकी ५४ वेळा बरोबर ठरतात; नाणे उडविले तर ५० वेळा ठरतील. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात, ‘खोटे बोलणारा नजर चुकवितो’ ही समजूत जगभर सर्वाधिक प्रचलित असल्याचे आढळले. समजूत जागतिक आहे. तिला आधार मात्र नाही.

७

या इतिहासाचे सार थोडक्यात असे. दृष्टी आणि बैठक यांना अर्थ असतो, यात शंका नाही. परंतु तो एका देहात साठविलेला नसतो, तो दोघांच्या परस्पर-समायोजनात निर्माण होतो आणि त्यासाठी दोघांना समान अवकाश व समान काळ लागतो. व्हिडिओ कॉलने नेमके हेच दोन काढून घेतले. राहिली ती चौकटीतील एकट्या माणसाची प्रतिमा. आणि प्रतिमेवरून माणूस वाचण्याचा मोह मात्र पूर्वीपेक्षा बळावला. यंत्रांनाही तो सुटला नाही. मुलाखत देणाऱ्याच्या चेहऱ्याचे संगणकाद्वारे विश्लेषण करून गुण देण्याची सोय ‘हायरव्ह्यू’ या अमेरिकन कंपनीने काही वर्षे पुरविली आणि ती बंद केल्याचे २०२१ च्या आरंभी जाहीर केले. युरोपीय संघाच्या २०२४ सालच्या कृत्रिम बुद्धिमत्ता-विषयक कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांच्या वापरास, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. यंत्राला जे करण्यास मनाई झाली, ते परीक्षकाने पेन्सिलीने करावे काय, हा प्रश्न आपल्यासमोर आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते निदान तीन गोष्टी तात्काळ करता येतील. पडद्यावरील मुलाखतीसाठी ‘व्यक्तिमत्त्व व आत्मविश्वास’ हा रकाना काढून टाकावा, किंवा कोणत्या उत्तरावरून गुण दिले हे त्यापुढे लिहिणे सक्तीचे करावे. उत्तरापूर्वीच्या विरामास कोणताही अर्थ जोडू नये. मुलाखतीच्या आरंभी परीक्षकाने उमेदवाराला, ‘तुम्ही कोठे बसला आहात, आमचा आवाज नीट येतो काय?’ एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. या एका प्रश्नाने दोन खोल्यांमधील अंतर नाहीसे होणार नाही. परंतु पलीकडेही एक खोली आहे, तीत एक पाट आणि एक तांब्या असू शकतो, याचे स्मरण परीक्षकाला राहील.

ज्या विद्यार्थ्याचा वर उल्लेख आला, त्याचे संशोधनकार्य आता पूर्णत्वाच्या मार्गावर आहे. २०२१ सालच्या त्या तक्त्यावरील शेरा मात्र लेखकाच्या हस्ताक्षरात तसाच आहे, आणि तो पुसण्याची तरतूद नियमांत नाही.